तळ्याच्या तळातून एक फेरी

पुण्याच्या सारसबागेत सकाळी फेरी मारणाऱ्या कुणालाही 'कुठे चालता आहात?' असे विचारले, तर 'बागेत' हेच उत्तर मिळेल. त्याच बागेतल्या देवळाचे नाव विचारले, तर जुना पुणेकर 'तळ्यातला गणपती' म्हणेल. गणपती तळ्यात आणि आपण बागेत, ही दोन उत्तरे जुळत नाहीत. ती का जुळत नाहीत, याचा शोध घेताना माझी रोजची सपाट, सोपी फेरी इतिहासाच्या अभ्यासाची जागा होऊन बसली.

कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा निघतो आणि मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७४९ मध्ये पर्वतीचे देवदेवेश्वर मंदिर उभे राहिले. पुढे टेकडीच्या पायथ्याशी ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेबांनी तळे केले आणि ओढ्याचा प्रवाह वळवला. शहराच्या पाण्यासाठी कात्रजहून झाकलेला नळ आणण्याचे त्यांचे काम वेगळे. त्याचे हौद आणि उच्छ्वास अजूनही जुन्या पेठांत सापडतात. पर्वतीचे तळे सुमारे २५ एकरांचे होते. त्याच्या मध्ये राखलेल्या बेटावर बाग केली, ती सारसबाग. म्हणजे मुळात बाग तळ्यात होती. तळ्याच्या जागी बाग ही पुढची गोष्ट.

या तळ्यात पेशवे नावेतून फिरत आणि गुप्त मसलती तिथेच करीत, मराठी न समजणारे हबशी नावाडी त्यासाठी मुद्दाम ठेवले होते, अशी एक कथा सांगितली जाते. तिच्यावर फार भार टाकू नये. पण लोकांच्या आठवणीतले तळे नाव चालण्याइतके खोल आणि रुंद होते, एवढे तरी त्या कथेतून कळते. नानासाहेब पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, पर्वतीवरच वारले. बेटावरच्या गणपतीची स्थापना १७८४ मधली, सवाई माधवरावांच्या काळातली. तेव्हा त्यांचे वय अवघे दहा वर्षांचे होते.

विसाव्या शतकात तळे गेले. त्याच्या जमिनीवर १९५३ मध्ये पेशवे उद्यान झाले, १९५६ मध्ये तिथे 'फुलराणी' धावू लागली. पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी वाघ-सिंह पहिल्यांदा पाहिले ते इथेच. पुढे १९९९ पासून प्राणिसंग्रहालय कात्रजला गेले, म्हणजे ज्या बाजूने या तळ्याला पाणी येत होते त्याच बाजूला. उरलेल्या जागेत आजच्या सारसबागेची हिरवळ पसरली.

फेरी मारताना जुन्या तळ्याच्या खुणा दिसतात. देऊळ उंचावर आहे, हिरवळ खाली. देवळातून उतरून हिरवळीकडे येताना आपण बेटाचा काठ उतरतो. देवळाभोवती कमळांची लहान तळी आहेत. २५ एकरांच्या पाण्याची आज एवढीच आठवण. थंडीत गणपतीला स्वेटर आणि टोपी घालतात, ते पाहायला मुलांची गर्दी होते. आपण उभे आहोत तिथे कधीकाळी पाणी होते, हे मात्र त्या मुलांना क्वचितच कुणी सांगते.

हे सांगायलाच हवे, असे मला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीनंतर वाटू लागले. त्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत पाणी घरांत शिरले, भिंती पडल्या. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. फेरीला माझ्याबरोबर असणारे एक गृहस्थ त्यानंतर पंधरवडाभर आले नाहीत. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात छातीएवढे पाणी होते. परत आल्यावर ते म्हणाले, "वीस वर्षं त्याच्या शेजारी राहतोय. आम्ही त्याला नालाच म्हणायचो हो. तो ओढा आहे, हे कधी मनातच आलं नाही."

तळे असते तर पूर आलाच नसता, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या रात्रीचा पाऊस, ओढ्याच्या पात्रात झालेली बांधकामे, अरुंद पूल अशी कारणे अनेक. पण त्या गृहस्थांच्या वाक्यात मला इतिहासाचा एक धडा दिसतो. ओढ्याला स्वतःची वाट असते आणि ती सोडायची असते, हे गावाला ठाऊक असते. नाला म्हटले की ते सांडपाणी, झाकायची गोष्ट. नाव बदलले तेव्हाच त्याचे पात्र आपल्या नजरेत अरुंद झाले. भिंती नंतर आल्या. उलट, तळे बुजूनही 'तळ्यातला गणपती' हे नाव टिकले. पेशव्यांच्या दप्तराइतकाच तोही एक पुरावा आहे, आणि तो वाचायला मोडी यावी लागत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जुने नकाशे पाहून तळ्याच्या काठाची रेषा बागेच्या वाटेवर दगडांनी आखावी, आणि ओढ्यावरच्या प्रत्येक पुलावर त्याचे खरे नाव लिहावे. खर्च फार नाही. फेरी मारणाऱ्याला रोज कळेल, की इथून पुढे आपण पाण्यातून चाललो आहोत.