केर्लीचा फाटा

स्मरणिकेसाठी आपल्या भागाचा इतिहास लिहा असे मंडळाने सांगितले, तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण लग्न होऊन आल्यापासून केर्लीचा फाटा रोज पाहते आहे, म्हणून त्याच्याविषयीच चार शब्द लिहिते.

कोल्हापूरहून निघाले की दहा-बारा किलोमीटरवर हा फाटा लागतो. सरळ रस्ता वाघबिळावरून आंबा घाटाने रत्नागिरीला जातो. वाघबिळाशी पन्हाळ्याची वाट फुटते. आपल्या फाट्यावरून उजवीकडची वाट गायमुखावरून जोतिबाच्या डोंगरावर चढते. खाली उसाचे मळे, वर सुमारे ३,१०० फूट उंचीचा डोंगर. श्रावणात त्याचा माथा ढगात असतो.

वरचे केदारनाथाचे आजचे देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ १८०८ साली दौलतराव शिंद्यांनी बांधले. शिंदे उत्तरेत राज्य करू लागले, तरी कुलदैवताला विसरले नाहीत.

चैत्र पौर्णिमेला लाखो माणसे येतात. साताऱ्याकडच्या पाडळीच्या सासनकाठीचा मान पहिला. गुलालाने रस्ता लाल होतो आणि ‘चांगभलं’चा गजर घरात ऐकू येतो. त्या दिवसांत माझ्या सासूबाई फाट्यावर पाण्याचा रांजण ठेवीत. म्हणायच्या, “कुठल्या गावचा ते मागनं इचार, आदी पाणी दे.”

२०२० साली करोनामुळे यात्रा रद्द झाली. फाट्यावर चिटपाखरू नव्हते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तरी रांजण भरायला लावला. बंदोबस्ताचे पोलीस तेवढे ते पाणी प्याले. पुढच्या चैत्राला सासूबाई नव्हत्या. त्याच वर्षी जुलैच्या अतिवृष्टीत जोतिबाचा घाटरस्ता खचला आणि खाली रत्नागिरी रस्त्यावर पुराचे पाणी आले. रस्ते बंद झाले की फाट्याची किंमत कळते.

२०२२ साली यात्रा पुन्हा भरली. मी रांजण घासूनपुसून बाहेर काढला. आता पुष्कळांच्या हाती बाटल्या असतात, पण अनवाणी चालत आलेली म्हातारी माणसे अजून रांजणापाशीच थांबतात.

माझ्या एकटीच्या घागरी पुरत नाहीत. येत्या चैत्रात प्रत्येक घरातून रोज एक घागर आली, तर तो रांजण आपल्या मंडळाचा होईल. एवढीच विनंती.