जेमायमाची अंडी आणि हिल टॉपची बाग

बीॲट्रिक्स पॉटरच्या ‘द टेल ऑफ जेमायमा पडल-डक’ (1908) या छोट्या पुस्तकातील एक चित्र बहुतेकांच्या पाहण्यात असते. शाल पांघरलेली, बॉनेट घातलेली एक पांढरी बदकीण रानात उभी आहे. आजूबाजूला फॉक्सग्लव्हचे जांभळे तुरे आहेत, आणि समोर एक सभ्य गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. चित्र पाहून आपण हसतो, ‘गोड आहे’ म्हणतो आणि पान उलटतो. या गोडव्यामुळे पॉटरच्या वाचनाचे मोठे नुकसान झाले आहे, असे मला वाटते. ही पुस्तके बालवाङ्मय आहेतच. पण 1905 नंतरच्या पुस्तकांपैकी काही एका लहानशा शेताची दप्तरेही आहेत. तशी ती वाचली, तर त्यांतील फुले आणि जनावरे निराळी दिसू लागतात.

पॉटरचा जन्म 1866 साली लंडनच्या एका सधन घरात झाला. तिला औपचारिक शाळा नव्हती; घरात पाळलेले ससे, उंदीर आणि साळिंदरासारखा दिसणारा काटेरी हेजहॉग हीच तिची अभ्याससामग्री. पुढे तिने अळंब्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. त्यांच्या बीजाणूंच्या रुजण्यावरचा तिचा निबंध 1897 साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला गेला. पण स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्याने ती स्वतः उपस्थित राहू शकली नाही. विज्ञानाचे दार असे बंद झाले, परंतु निरीक्षणाची शिस्त हातात राहिली. 1902 साली ‘पीटर रॅबिट’ प्रसिद्ध झाले आणि तिला स्वतःची मिळकत लाभली. 1905 च्या जुलैत तिचे प्रकाशक घराण्यातील नॉर्मन वॉर्नशी लग्न ठरले. व्यापारी माणूस म्हणून आईवडिलांना तो पसंत नव्हता. महिनाभरातच वॉर्नचा मृत्यू झाला. त्याच वर्षी, मुख्यतः पुस्तकांच्या उत्पन्नातून, तिने लेक डिस्ट्रिक्टमधील निअर सॉरी या गावी ‘हिल टॉप’ हे शेत विकत घेतले. ती एकोणचाळीस वर्षांची अविवाहित स्त्री होती आणि आईवडिलांच्या घरातून अजून सुटलेली नव्हती. म्हणून ही खरेदी केवळ हौस म्हणून पाहता येत नाही.

शेत कसत होते जॉन कॅनन. पॉटरने त्यांना कायम ठेवले, त्यांच्या कुटुंबासाठी घराला नवा भाग जोडला आणि जुना भाग स्वतःकडे ठेवला. लंडनची कर्तव्ये सुटली नव्हती; त्यामुळे हिल टॉपला येणे पाहुण्यासारखे, थोड्या थोड्या दिवसांचे असे. या तुटक मुक्कामांत तिने बाग लावली. ती श्रीमंतांची आखीव बाग नव्हती. भाजी, फळझाडे आणि फुले शेजारी शेजारी नांदतात अशी ती गावठी बाग होती. रोपे बहुतांशी गावातूनच आली: कोणी कंद दिले, कोणी फांदी दिली. एका पत्रात तिने आपण एक रोप चक्क चोरल्याची कबुली दिली आहे. गंमत अशी, की त्या रोपाचे इंग्रजी नाव ‘ऑनेस्टी’, म्हणजे प्रामाणिकपणा! शहरातून आलेल्या बाईला गावाने सामावून घेतल्याची नोंद या देवघेवीत आहे. ‘टॉम किटन’ (1907) मधील मांजरीची पिल्ले ज्या वाटेवरून नवे कपडे मळवत जातात, ती याच बागेची वाट.

आता पुन्हा जेमायमाकडे येऊ. तिचे दुःख काय? तिला आपली अंडी स्वतः उबवायची आहेत आणि शेतकरणीला ते मान्य नाही. बदकीण अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची, ही कुक्कुटपालनातील जुनी रीत. म्हणजे कथेतील संघर्ष कल्पनेतून आलेला नाही, तो खुराड्यातून आला आहे. जेमायमा रानात जाऊन अंडी घालते. तेथे भेटलेले सभ्य गृहस्थ म्हणजे कोल्हा. तो तिला मेजवानीसाठी सेज, थाइम, पुदिना, कांदे आणायला सांगतो. ती आज्ञाधारकपणे शेताच्या बागेतून पाला खुडून आणते. इंग्रज स्वयंपाकात सेज आणि कांदा हा भाजायच्या बदकाच्या पोटात भरायचा मसाला! उन्हाळी बागेतील सुगंधी पाला येथे मृत्यूची यादी होतो. फॉक्सग्लव्हचे तुरेही केवळ शोभेचे नाहीत: त्या झाडाच्या नावात कोल्हा आहे आणि पानांत विष.

शेवट तर अधिकच कठोर आहे. केप हा शेतावरचा कुत्रा दोन शिकारी पिल्लांसह येऊन जेमायमाला वाचवतो; पण तीच पिल्ले तिची अंडी खाऊन टाकतात. पुढे जूनमध्ये तिला अंडी उबवू दिली जातात, तेव्हा चारच फुटतात. म्हणजे शेतकरीण बरोबर होती, आणि तरीही जेमायमाची इच्छा खोटी ठरत नाही. पंचतंत्रात किंवा इसापात प्राणी नीतीचे वाहक असतात. कथा संपताना बोध हाती येतो. येथे बोधाच्या जागी एक आकडा उरतो. ‘पिगलिंग ब्लँड’ (1913) मधील डुकरालाही आपल्या भवितव्यात बेकन आहे याची जाणीव आहे, आणि पीटरच्या बापाचे तर पहिल्याच पुस्तकात पाय झाले आहे. जनावरांना कपडे घालणारी ही लेखिका त्यांना विकलेही जाते हे लपवत नाही. तिच्याबद्दल भावुक होणे म्हणूनच चुकीचे.

1913 साली तिने विल्यम हीलिस या स्थानिक वकिलाशी विवाह केला. त्यानंतर पुस्तके विरळ होत गेली आणि हर्डविक जातीच्या मेंढ्या, डोंगरावरची शेते हेच तिचे मुख्य काम झाले. 1943 च्या डिसेंबरात ती गेली, तेव्हा चौदा शेते आणि चार हजारांहून अधिक एकर जमीन तिने नॅशनल ट्रस्टला दिली. सशाच्या गोष्टींच्या आणि बाहुल्यांच्या पैशाने मेंढ्यांची कुरणे राखली गेली.

हिल टॉपची आज दिसणारी बाग जुनी छायाचित्रे आणि पॉटरची चित्रे यांच्या आधारे पुन्हा उभी केलेली आहे. एके काळी बागेवरून चित्रे निघाली. आता चित्रांवरून बाग निघते. साहित्य वास्तवाचे प्रतिबिंब असते, हे वाक्य वर्गात शिकवताना या उलट्या प्रवासाचाही विचार व्हावा. मात्र चित्रावरून फुले लावता येतात, कोंबडीखाली कोणाची अंडी ठेवायची हा प्रश्न लावता येत नाही. तो शोधायचा, तर पुस्तकच पुन्हा उघडायला हवे.