आरसीसीबीचं टेस्ट बटण काय तपासतं, काय नाही?

मी पाटणचा, काम सॉफ्टवेअरचं. कोडमधली एक टेस्ट पास झाली म्हणजे तेवढा भाग चालतोय इतकंच कळतं, सगळी सिस्टीम ठीक आहे असं नाही. घरातल्या आरसीसीबीवरच्या ‘टी’ बटणाचंही तसंच आहे.

आरसीसीबी काय करतो?
फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत यायला हवा. कमी आला, तर तो कुठेतरी जमिनीत उतरतोय, कदाचित माणसाच्या शरीरातून. घरगुती आरसीसीबीत हा फरक ३० मिलिअँपियर झाला, की आयएस १२६४० या भारतीय मानकानुसार ३०० मिलिसेकंदांच्या आत सप्लाय तुटला पाहिजे. १६ अँपियरच्या एमसीबीला एवढा करंट जाणवतही नाही. तो ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो.

बटण काय तपासतं?
बटण दाबलं की आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम थोडी गळती घडवली जाते. आतलं मेकॅनिझम हलतंय का, हे त्यातून कळतं. ही तपासणी गरजेचीच, कारण वर्षानुवर्षं न हललेलं मेकॅनिझम धुळीनं, दमट हवेनं अडकू शकतं.

काय तपासत नाही?
सप्लाय किती वेळात तुटला, हे बटण सांगत नाही. घरचं अर्थिंगही तपासत नाही. अर्थिंग अजिबात नसलं तरी ही टेस्ट पास होते! अर्थिंग नीट असेल, तर गिझरच्या बॉडीत करंट उतरताच आरसीसीबी ट्रिप होतो. नसेल, तर बहुतेक वेळा कुणाचा तरी हात लागल्यावरच.

पावसाळ्यात सारखा ट्रिप होतो?
कोयना खोऱ्यातल्या पावसात भिंती ओल धरतात, गळती वाढते. मग वायरमनला सांगून आरसीसीबी ‘डायरेक्ट’ करून घेतला जातो. हे करू नका. सगळे प्लग काढा, आरसीसीबी चालू करा, मग एकेक वस्तू लावून बघा. काहीच लावलेलं नसताना ट्रिप झाला, तर वायरमनकडून वायरिंगचं इन्सुलेशन मेगरनं तपासून घ्या.

लक्षात ठेवा
- महिन्यातून एकदा, लाईट असताना बटण दाबा. ट्रिप झाला नाही तर आरसीसीबी लगेच बदला.
- वर्षातून एकदा टेस्टर लावून ट्रिपचा वेळ आणि अर्थिंग तपासून घ्या.
- एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना हात लागला, तर आरसीसीबी वाचवेलच असं नाही. दुरुस्तीआधी मेन स्विच बंदच हवा.