सायकलचे खोगीर : एक अलिखित दप्तर



स्मृतिव्याख्यानासाठी सायकलच्या खोगिराचा विषय निवडलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. व्याख्यानांत खोगीरभरती पुष्कळदा होते. आज तर प्रत्यक्ष खोगीरच व्यासपीठावर आले, असे कोणी म्हटले तरी माझी तक्रार नाही. परंतु इतिहास केवळ ताम्रपटांत आणि तहनाम्यांत नसतो. तो नित्य वापराच्या वस्तूंवरही उमटत असतो. तो वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

गोव्याला दप्तरांची वाण नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा थेट 1595 पर्यंत मागे जाते. 1780 च्या दशकात डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले, तेव्हापासूनचे जमीन-महसुलाचे कागदही विपुल आहेत. त्यांत गव्हर्नर भेटतात, देसाई भेटतात, भाटकार भेटतात. परंतु पहाटे पावांची टोपली मागे बांधून वाड्यावाड्यांतून फिरणारा पोदेर, टपालवाला, खाणीवरचा कारकून, परगावच्या शाळेत जाणारा मास्तर यांच्या कष्टांची नोंद कोणत्या दप्तरात सापडणार? ती ज्या मोजक्या वस्तूंवर उरली, त्यांपैकी एक म्हणजे त्यांच्या सायकलचे कातडी खोगीर. लोक त्याला 'सीट' म्हणतात. पोर्तुगिजांत त्याचे नाव 'सेलिम'.

या खोगिराचे घोड्याशी असलेले नाते केवळ नावापुरते नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी 1866 मध्ये घोड्याच्या साजाचा आणि चामडी सामानाचा व्यवसाय सुरू केला; 1882 मध्ये त्यांनी सायकलच्या खोगिराच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे 1885 ची रोव्हर सायकल आणि 1888 ची डनलॉप यांची हवा भरलेली धाव यांमुळे सायकल सामान्यांच्या आटोक्यात आली. त्या काळी हिंदुस्थानातून हिरडा आणि अर्धवट कमावलेली कातडी इंग्लंडला मोठ्या प्रमाणावर जात असे. जो समाज चामड्याचे काम करणाऱ्याला गावाबाहेर ठेवीत होता, तोच पुढे निःशंकपणे त्या चामड्यावर बसून गावभर फिरू लागला, हेही इतिहासाने नोंदवून ठेवावे.

आता खोगिराची रचना पाहू. सुमारे 5 मिलिमीटर जाडीचे, झाडांच्या सालीफळांतील टॅनिनने कमावलेले कातडे पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत झोळीसारखे ताणून रिव्हेटांनी बसवितात. खाली गादी नसते. पोलादी तारा आणि स्प्रिंगा असतात. नवे खोगीर लाकडासारखे कठीण लागते. पण बसणाऱ्याच्या अंगाची ऊब, घाम आणि भार यांमुळे कातड्यातील तंतू हळूहळू सरकून नव्या जागी स्थिर होतात. काहीशे किलोमीटरांनंतर बसण्याच्या दोन हाडांखाली दोन खळगे पडतात आणि खोगीर त्या माणसाचे होते. दुसरा बसला तर त्याला ते टोचते. कातडे फार सैल पडले तर नाकाखालचा बोल्ट आवळून पुन्हा ताण देता येतो. नीट सांभाळलेले खोगीर अनेक दशके टिकते. सायकलीचे टायर कितीदा तरी बदलतात, खोगीर तेच राहते.

याचा हिशेब करून पाहावा. डिचोलीहून साखळीला जाऊन परत येणाऱ्या शिक्षकाची रोजची रपेट सुमारे 15 किलोमीटर धरली आणि वर्षाचे 200 दिवस धरले, तर वर्षाला 3000 किलोमीटर होतात. 20 वर्षांत ते 60,000 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दीड प्रदक्षिणा! आणि हे सारे एकाच बित्ताभर कातड्यावर.

आपल्या मुलखात या कातड्याचे खरे वैरी दोन : पाऊस आणि घाम. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. भिजलेल्या कातड्यावर कोणी बसला की ते ताणले जाते आणि त्याच आकारात वाळते. मग बुरशी येते, घामातील क्षाराने स्प्रिंगा गंजतात, रिव्हेटांभोवती चिरा पडतात. यावर खोबरेल चोपडण्याचा मोह होतो. पण तेल अधिक मुरले की कातडे लिबलिबीत होऊन खोगीर लवकर बसते. शापोरा आणि तेरेखोल या दोन नद्यांमधल्या पेडणे तालुक्यात पूल होईपर्यंत सायकलीसह होडीत चढणे-उतरणे होतेच. अशा मुलखात एखादे खोगीर 20 वर्षे टिकले असेल, तर त्यामागे धन्याची निगराणी उभी असते. पावसात त्यावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी हा त्या निगराणीचा साधा पुरावा.

राजकीय इतिहासही या रस्त्यांवरूनच गेला. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच वर्षी भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. सावंतवाडीकडचा नित्याचा राबता तुटला. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर भारतीय सायकलींना वाट मोकळी झाली : अंबत्तूरच्या टी. आय. कारखान्याच्या, सोनीपतच्या ॲटलसच्या, लुधियानाच्या हीरोच्या. 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. शाळा गावात आली, परंतु मास्तर पुष्कळदा परगावचा असे. त्याला तेथवर पोहोचविले ते सायकलीने. गोव्यातील शिक्षणप्रसाराच्या इतिहासात या वाहनाला एखादी ओळ तरी मिळावयास हवी.

पुढे खोगीरही बदलले. कातड्याची जागा रेक्झिनने आणि फोमने घेतली. ते पहिल्या दिवसापासून मऊ लागते. मात्र माणसाचा आकार ते धरून ठेवीत नाही. फोम काही वर्षांत दबतो, रेक्झिन उन्हाने तडकते आणि सारी बैठक भंगारात जाते. सोय वाढली, स्मृती तेवढी गेली. रस्तेही बदलले. डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजाचे ट्रक वाढले. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, तोवर सायकलस्वार दुचाकीवर बसला होता. पेडण्यातून कोकण रेल्वे धावू लागली आणि जानेवारी 2023 पासून मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. डावा खळगा अधिक खोल दिसला म्हणून मालक लंगडा होता, असे अनुमान करू नये. कदाचित बसण्याची ढब तशी असेल, कदाचित सायकल दोघा भावांनी वापरली असेल. मुकी वस्तू साक्ष देते, पण तिच्यासोबत माणसाचा शब्दही लागतो. तो शब्द देऊ शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. आपल्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. भंगारवाल्याच्या तराजूत खोगिराची किंमत लोखंडाच्या वजनाएवढीच.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी 2017 मध्ये सायकलींचे संग्रहालय उघडले. बाणावलीच्या 'गोवा चित्र'मध्ये शेतीची जुनी अवजारे जतन केलेली आहेत. आपल्या विद्यालयाला एवढा व्याप नको. एक कोरडे, हवेशीर कपाट पुरे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : माळ्यावर, गोठ्यात, पडवीत अशी एखादी जुनी सायकल असेल, तर ती विकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा. ती कोणाची, कोणत्या साली घेतली, कोणत्या वाटेने आणि कोणत्या कामासाठी फिरली, हे विचारून एका चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी खोगिराला बांधा आणि ते शाळेकडे आणून द्या. ज्या दिवंगत गुरुजींच्या नावाने आपण आज एकत्र आलो, त्यांच्या पिढीचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे. शंभर खोगिरे आणि शंभर चिठ्ठ्या जमल्या, तर पेडणे-डिचोलीच्या चार दशकांचे एक दप्तर उभे राहील, आणि ते लिहिणारे तुम्हीच असाल.