शिक्षा आणि बक्षीस

चंडीगडमध्ये ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी वाचली की मराठी माणूस क्षणभर थबकतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. संस्कृत शब्द एकच. आपल्याकडे तो छडीच्या वाट्याला गेला.

बक्षिसाचे काय? १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला दिलेल्या इंग्रजी निवेदनात निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. पालकांनी मुले शाळेत धाडावीत, त्यांना विद्येची गोडी लागावी, म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसेही सुचवली. त्याच निवेदनात निकालावर अनुदान देण्याची पद्धत मात्र गरिबांच्या शिक्षणाला निरुपयोगी ठरवली: जिथे गोडीच लागलेली नाही, तिथे अशा शाळेवर शिक्षकाचे पोट कसे भरणार?

वरवर पाहता यात विसंगती वाटते, पण ती नाही. एक बक्षीस गोडी लावण्यासाठी आहे. दुसरे आधीच लागलेल्या गोडीचे मोल चुकवते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. छडी गेली, तिच्या जागी वहीवरचे तारे, फळ्यावरची नावे आली. पण गप्प बसणाऱ्यालाच रोज तारा मिळत असेल आणि वर्गाबाहेर डोळे लावून बसलेल्याला कधीच नाही, तर ते निकालावरचे अनुदानच झाले. तारा कुणाला द्यायचा, हा फुल्यांचा प्रश्न अजून वर्गातच उभा आहे.