जुन्या नकाशांतील खानदेश : वाटा, वस्त्या आणि विहार

खानदेशच्या इतिहासाचा विषय निघाला की फारुकी राजवट, मराठ्यांचा अंमल आणि १८१८ मध्ये आलेले इंग्रजी राज्य असा क्रम सांगितला जातो. राजवटी बदलल्या हे खरेच. परंतु सामान्य माणसे कोणत्या वाटेने या प्रांतात आली, कोणत्या गावी स्थिरावली आणि पुढे ती गावे सोडून का गेली, हे राजांच्या वंशावळीतून उमगत नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलदर्शक नकाशांत दडलेले आहे. या साधनाकडे जैन समाजाचे लक्ष अद्याप फारसे गेलेले नाही.

हा विभाग १७६७ मध्ये स्थापन झाला. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीस प्रारंभ केला. हेच काम करीत असता १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट याने ते पुढे नेले. या त्रिकोणांच्या जाळ्यावर पुढे गावोगावचे नकाशे बेतले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून 'एक इंचास एक मैल' या प्रमाणाची रंगीत पत्रके निघू लागली. धुळे ४६ एल, शिरपूर ४६ के, तर अमळनेर व भुसावळ ४६ ओ या चौकटीत येतात. अशा प्रत्येक चौकटीची सोळा पत्रके असून एका पत्रकात सुमारे पावणेतीनशे चौरस मैल प्रदेश सामावतो. बारमाही पाणी निळे, कोरडे नाले काळे, वस्ती व रस्ते तांबडे, शेती पिवळी, जंगल हिरवे आणि डोंगरांच्या समोच्चरेषा तपकिरी, अशी ही रंगांची भाषा आहे. खुणांच्या सूचीत विहीर, तलाव, देऊळ, गाडवाट, पायवाट यांच्याबरोबर ओसाड गावासाठीही स्वतंत्र खूण दिलेली असते. ज्याला रोजमेळ वाचता येतो त्याला हा नकाशा वाचणे अवघड नाही.

सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी टॅव्हर्निये याने सुरत ते बऱ्हाणपूर या मार्गावरील मुक्काम नोंदवून ठेवले आहेत. त्यांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा ही नावे येतात. नकाशावर ही गावे जोडीत गेल्यास नंदुरबारकडून येणारी वाट तापी ओलांडून उत्तर तीराने बऱ्हाणपूरकडे जाताना दिसते. फारुकी सुलतानांच्या कबरी असलेले थाळनेर त्या काळी महत्त्वाचे का होते, हेही त्यातून कळते.

१८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे आली आणि पारडे फिरले. लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा तापीच्या दक्षिणेकडून गेला. तेव्हा जळगाव हे तालुक्याचेही ठाणे नव्हते. तो मान नशिराबादकडे होता. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे हिंदुस्थानी कापसास अपूर्व भाव आला होता. पुढे कापसाच्या गाठी जेथून आगगाडीत चढत तेथे जिनिंग उभे राहिले, पेढ्या आल्या, दुकाने आली. १९०० च्या सुमारास सुरत–जळगाव मार्ग झाला आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव यांना रेल्वेचा लाभ मिळाला. थाळनेर व चोपडा मात्र लोहमार्गापासून दूरच राहिले. मारवाड व गुजरातेतून आलेल्या अनेक जैन कुटुंबांच्या आठवणीत 'आधी अमुक खेडे, मग तालुक्याचे गाव, मग जळगाव किंवा धुळे' असा प्रवास असतो. नकाशावर तो मांडला की घराण्याची गोष्ट सबंध प्रांताच्या गोष्टीत मिसळून जाते.

ही झाली दीडशे वर्षांची कथा. त्यामागचा काळही नकाशा बोलका करतो. साक्री तालुक्यातील भामेरच्या डोंगरात जैन लेणी आहेत. चाळीसगावजवळील पाटणे येथे 'नागार्जुन कोठडी' या नावाने ओळखले जाणारे जैन लेणे आहे. त्याच परिसरातील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. दक्षिणेस घाट चढून गेले की वेरूळ, पश्चिमेस मनमाडजवळ अंकाई-टंकाई आणि बागलाणात मांगी-तुंगी. (बागलाण १८६९ पर्यंत खानदेश जिल्ह्यातच मोडत असे, हे अनेकांना ठाऊक नसते.) ही स्थाने निर्जन रानातील एकांतासाठीच निवडली गेली, असा सर्वसाधारण समज आहे. समोच्चरेषा निराळे सांगतात. यांतील बहुतेक स्थाने घाटाच्या तोंडाशी किंवा डोंगरातील खिंडीजवळ आहेत. ज्या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे जात, त्याच वाटेने श्रमणसंघ चालत असावेत, असे अनुमान काढल्यास ते वावगे ठरणार नाही.

नकाशाच्या मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. धुळ्याचे 'धुलिया' व्हावे तशी अनेक खेड्यांची नावे इंग्रजी लेखनात बदलली आहेत. आजचे मुक्ताईनगर जुन्या पत्रकावर एदलाबाद म्हणून शोधावे लागते. देवळाची खूण असली तरी ते कोणाचे हे कळेलच असे नाही. घरदेरासर किंवा स्थानक म्हणून वापरलेली माडी तर नकाशावर येणे शक्यच नाही. तेथे वडीलधाऱ्यांची स्मृतीच कामी येते. उलट १९७२ च्या उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेली नवापूर-नंदुरबारकडील गावे जुन्या पत्रकांवर आजही आपापल्या जागी आहेत.

या अभ्यासाचा आजच्या एका चिंतेशी निकटचा संबंध आहे. साधू-साध्वी वाहन वापरीत नाहीत. सुरत–नागपूर व मुंबई–आग्रा या महामार्गांच्या कडेने पहाटेच्या अंधारात विहार चालतो आणि अपघाताच्या वार्ता कानी येतात. जुन्या पत्रकांवर गावास गाव जोडणाऱ्या गाडवाटा ठळक दिसतात. त्यांतील कित्येक २००० पासून प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत डांबरी झाल्या आहेत. त्यांवर रहदारी कमी, सावली अधिक. अडचण निराळीच आहे. या वाटांवरील खेड्यांत एकेकाळी जैनांची दोन-चार घरे असत; ती शहरांत गेल्याने आज गोचरी, अचित्त पाणी व रात्रीचा निवारा यांचा प्रश्न पडतो. विहारधामे महामार्गालगत झाली ती याच कारणाने. म्हणजे ज्या स्थलांतराने शहरांतील संघ समृद्ध झाले, त्यानेच विहाराच्या जुन्या वाटा ओस पाडल्या. खेड्यातील शाळा, मंदिर अथवा एखाद्या शाकाहारी शेतकऱ्याचे घर यांच्याशी आधीच बोलणे झाले, तर यांतील काही वाटा पुन्हा चालत्या होऊ शकतील.

नकाशे मिळविणे आता कठीण राहिलेले नाही. २००५ च्या धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने नागरिकांसाठी खुली पत्रके काढली व २०१७ पासून ती संगणकावर विनामूल्य उपलब्ध केली. जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून कार्यरत आहे. एका तालुक्याची पत्रके भिंतीवर लावून संघातील ज्येष्ठांना त्यांसमोर बसवावे आणि तरुणांनी लिहून घ्यावे. गावाचे नाव, तेथील जैन घरे, शेवटचे घर उठले ते साल आणि त्या कुटुंबाचे पुढचे गाव, एवढे चार रकाने पुरेत.