लग्नाआधीचा पट

वेरूळच्या २१व्या लेण्यात, ज्याला रामेश्वर म्हणतात तिथे, शंकर-पार्वती फासे खेळायला बसले आहेत. सहाव्या शतकातलं हे शिल्प. खाली गणांची टोळी नंदीला सतावतेय आणि वर हे दोघं डावात गुंतलेले. १४व्या आणि २९व्या लेण्यातही हाच प्रसंग आहे. एकाच डोंगरात तो पुन्हा पुन्हा कोरावासा वाटला, याचं मला फार अप्रूप आहे. कारण प्रसंग तसा घरगुती आहे: नवराबायको खेळतात, कुणीतरी हरतं आणि रुसवाफुगवी होते.

सोळा सोमवारच्या कहाणीतही तेच. देवळात सारीपाटाचा डाव रंगतो, पार्वती गुरवाला विचारते, कोण जिंकलं? गुरव शंकराचं नाव घेतो आणि शाप ओढवून घेतो. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी पार्वतीनं शंकराला हरवलं अशी कथा आहे, आणि त्याच दिवशी आपल्याकडे बायको नवऱ्याला ओवाळते. कोजागरीची रात्रही जागायची ती फासे खेळून, असं जुनं व्रतविधान सांगतं. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्यातली हकिगत आहे. जुगारात हरल्यावर ते पत्नीकडे, कमळाइसेकडे, दागिने मागायला गेले आणि तिनं दिले नाहीत. त्या नकारातून पुढे वैराग्य आलं.

या साऱ्या कथांमध्ये पटाशी बसणारी, नाहीतर पटापायी भांडणारी, बाई ही बायको आहे. सोळा सोमवारांचं व्रत चांगला नवरा मिळावा म्हणून लग्न न झालेल्या मुली करतात, पण कहाणीत खेळणारी जोडी मात्र लग्न झालेली. आपल्या समाजात पट होता, फासे होते, बाई आणि पुरुष समोरासमोर बसतही होते. फक्त लग्नानंतर. खेळता खेळता एकमेकांना ओळखावं आणि मग लग्नाचं ठरवावं, ही गोष्ट पार अलीकडची आहे. ती मुंबईच्या चाळीत कॅरमच्या बोर्डाभोवती घडली असं माझं ठाम मत आहे, आणि ती नोंदली जावी म्हणून हा खटाटोप.

लग्नाआधी खेळायला वेळ होताच कुठे? आनंदीबाई जोशींचं लग्न नवव्या वर्षी झालं, १८७४ मध्ये, आणि त्यात त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही. १९२९चा सारडा कायदा आला तेव्हा मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची अट घालणं हेच मोठं धाडस होतं. आठ-दहा वर्षांच्या मुलीला अविवाहित तारुण्य असं काही नसतंच. म्हणून ओळख करून देण्याचं काम लग्नातल्या खेळांवर पडायचं. नवऱ्याच्या मुठीतून सुपारी सोडवायची, हळदीच्या पाण्यातून अंगठी शोधायची, विडा दातांनी तोडायचा. भोवती बायका हसताहेत आणि दोन घाबरलेली पोरं पहिल्यांदा एकमेकांच्या हाताला हात लावताहेत. मला हे खेळ मनापासून आवडतात. त्यांत मोठा समजूतदारपणा आहे. पण निवड आधीच झालेली असायची आणि ती मुलांनी केलेली नसायची.

माझ्या आजीकडे कापडी सारीपाट होता. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण शहाण्णव घरं, आणि मधोमध चौक. चार रंगांच्या सोळा लाकडी सोंगट्या एका बटव्यात असत. रत्नागिरीकडे पावसात शेतावर जाता येत नसे, तेव्हा आजी आणि आजोबा पडवीत पट पसरत. एरवी चारचौघांत ती त्यांच्याशी समोर उभी राहून बोलत नसे. पण पटावर त्यांची सोंगटी मारताना तिचा आवाज अंगणात ऐकू यायचा. आजोबा फासे हातात घोळवत बसले की ती म्हणायची, ‘टाका की आता, सकाळ होईल!’ लग्न झालं तेव्हा ती दहा वर्षांची होती. पहिली काही वर्षं नवऱ्याशी बोलायला तेवढा पटच होता, असं तिनंच मला सांगितलं होतं.

मुंबईत सगळं उलटं होतं. १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी राहू लागली आणि पुढच्या काही दशकांत कोकण-घाटावरून माणसं लोटली, पण त्यांतले बहुतेक पुरुष. १९२१च्या जनगणनेत या शहरात हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. गिरणगावात एकेका खोलीत एकाच गावचे गडी पाळीपाळीनं झोपत आणि खानावळीत जेवत. कुणाची बायको गावी, कुणी सडाफटिंग. धोबीतलाव-माझगावकडे गोव्याच्या दर्यावर्दींचे कूड होते. गावागावाचे क्लबच ते, फक्त पुरुषांसाठी, आणि संध्याकाळची रोझरी चुकवायची नाही असा नेम. अशा खोल्यांत जागा नसते, पैसा नसतो आणि संध्याकाळ मात्र संपता संपत नाही. तिथे पत्ते आले आणि कॅरम आला.

विसाव्या शतकात हा खेळ शहराच्या मध्यमवर्गात आणि कामगारवर्गात कसा मुरला, हे त्याच्या मापातच दिसतं. खेळायची जागा ७४ सेंटीमीटर चौरस. बोर्ड पिंपावर ठेवा, स्टुलावर ठेवा, वरून टोपीचा बल्ब सोडा, बोरिक पावडर शिंपडा, झालं. चार जण खेळतात आणि वीस जण बघतात. बीडीडीच्या चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या, त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात संसार मावत नव्हता, म्हणून तरुण मुलं आपोआप बाहेर पडायची, आणि बाहेर म्हणजे चाळीच्या मंडळाच्या खोलीत किंवा जिन्याखाली. अखिल भारतीय कॅरम फेडरेशन १९५६ मध्ये स्थापन झालं आणि आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ मध्ये चेन्नईत. पण आमच्या गिरगावातल्या पोरांना नियम शिकवायला फेडरेशनची गरज पडली नाही. राणी घेतली की लगेच कव्हर पाहिजे, हे बाराखडीच्या आधी येत असे.

तासावर भाडं घेणारे आणि पैसे लावून खेळवणारे क्लब वेगळे. त्या वाटेला मुलीनं जाऊच नये, असं घरचे सांगत आणि ते बरोबरच होतं. मी बोलतेय ते चाळीतल्या कॅरमबद्दल. तिथेही मुली आधी फक्त गॅलरीत उभ्या असत. माझी आत्या १९५०च्या आसपास ठाकुरद्वारच्या चाळीत वाढली. तिला लांबूनच सगळे शॉट ओळखता यायचे: कट, डबल, रिबाउंड, अंगठ्याचा शॉट. तिनं हातात स्ट्रायकर कधी घेतला नाही. ‘आम्ही बघायचो,’ एवढंच ती म्हणायची. तरी बघणंही कमी नव्हतं. कोण हरल्यावर चिडतो, कोण लबाडी करून सोंगटी सरकवतो, कोण लहान भावाला मुद्दाम जिंकू देतो, हे चाळीतल्या मुलींना त्यांच्या वडिलांपेक्षा जास्त ठाऊक असे. स्थळाची चौकशी करायला आलेल्या पाहुण्यांना ही माहिती कुणी विचारत नव्हतं, हे दुर्दैव.

दार उघडलं ते गणपतीत. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला, मुंबईतला पहिला, आणि पुढे चाळीचाळीत दहा दिवसांची मंडळं उभी राहिली. व्याख्यानं, मेळे, नाटकं यांच्यामागून संगीतखुर्ची, रांगोळी, पाककृती आल्या आणि कॅरमच्या स्पर्धाही. माझ्या लहानपणी, १९६०च्या दशकात, आमच्या मंडळानं मिश्र दुहेरी ठेवली तेव्हा जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवल्या. चिठ्ठी देवासमोर उचलायची, त्यामुळे कुणाच्या आईबापांना बोलायला जागाच राहिली नाही. ही युक्ती ज्या कार्यकर्त्याला सुचली त्याचे उपकार आमच्या चाळीतल्या किमान तीन संसारांवर आहेत.

मिश्र दुहेरीत जोडीदार शेजारी बसत नाही, समोर बसतो. आणि खेळ चालू असताना जोडीदाराशी बोलायचं नाही, खूण करायची नाही, हा नियमच आहे. म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी, तासभर, सगळ्या चाळीदेखत, एकमेकांकडे तोंड करून, गप्प. नजर बोर्डावर. तरीही दोघांना एकमेकांचा डाव वाचावाच लागतो. त्यानं काळी सोंगटी खिशाच्या तोंडाशी अडवून ठेवली ती कुणासाठी, तिनं राणी सोडून आधी साधी सोंगटी का घेतली, हे न विचारता ओळखायचं. दुसऱ्याचा विचार समजून घ्यायची इतकी निर्मळ शिकवणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्यानंतर आली कचेरी. साठ-सत्तरच्या दशकांत चाळीतल्या मुली पदवी घेऊन बँकांत, आयुर्विम्यात, मंत्रालयात लागल्या. मी १९७५ मध्ये फोर्टमधल्या एका बँकेत रुजू झाले. रिक्रिएशन क्लबच्या खोलीत कॅरमचे बोर्ड होते आणि जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवून सगळे तिकडे धावत. त्या काळी बँका, रेल्वे, विमान कंपन्या चांगल्या कॅरमपटूंना नोकऱ्या देत आणि संस्थांच्या स्पर्धा रंगत, त्यामुळे खेळणाऱ्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नसे. कचेरीत आम्हाला बघणारी गॅलरी नव्हती, आत्या नव्हत्या. पहिल्यांदाच आम्ही जोडीदार स्वतः निवडला.

माझा जोडीदार कोल्हापूरकडचा होता, क्लिअरिंगमध्ये बसायचा. विभागांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीपर्यंत गेलो आणि हरलो. शेवटच्या बोर्डात माझा स्ट्रायकर खिशात गेला, आलेली सोंगटी परत ठेवावी लागली आणि डाव फिरला. त्यानं कपाळाला आठी पाडली नाही, समजूतही काढली नाही. नंतर चहाच्या वेळी एवढंच म्हणाला, ‘शॉट बरोबर होता. पावडर जास्त झाली होती.’ मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. घरी सांगायला मात्र पुढचा गणपती उजाडला. ‘तो कोण, काय करतो,’ असं वडिलांनी विचारल्यावर मी त्याचा पगार सांगण्याआधी तो कसा खेळतो ते सांगितलं, आणि वडील स्वतः कॅरमवाले असल्यामुळे त्यांना ते कळलं.

त्या पिढीचं खेळणं इतकं लांबलं त्यात प्रेमापेक्षा खोलीचा वाटा मोठा होता, हेही मान्य केलं पाहिजे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर जुनी भाडी गोठली, नवीन खोली पागडीशिवाय मिळेना. लग्न ठरलेली मुलं वर्षानुवर्षं थांबत. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० मध्ये आला, त्यात चाळीतल्या नवदांपत्याला एकांत मिळत नाही हीच सगळी गोष्ट आहे. ज्यांना लग्नानंतरही दार लावून बसता येणार नव्हतं त्यांनी लग्नाआधी चारचौघांत, बल्बखाली, एकमेकांना जितकं बघता येईल तितकं बघून घेतलं.

माझी भाची पुण्यात नोकरी करते. तिचा आणि तिच्या मित्रमैत्रिणींचा रविवार कोथरूडमधल्या एका कॅफेत बोर्डगेम खेळण्यात जातो. मीही जाऊन बसले. ते कटान खेळत होते. क्लाउस टॉयबर या जर्मन दंततंत्रज्ञानं रचलेला खेळ, १९९५ मध्ये बाजारात आला. त्यात बेट वसवायचं असतं. लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज लागतं, आणि एकट्याला सगळं मिळत नाही. ‘दोन विटा देतो, एक धान्य दे,’ असं मागावंच लागतं. मला हे फार पटलं. कॅरमनं आम्हाला न बोलता ओळखायला शिकवलं, हा खेळ बोलून मागायला शिकवतो. त्या टेबलाशी दोन मुलं आणि दोन मुली होत्या, त्यांतले दोघं एकमेकांना त्या दिवशीच भेटले होते, आणि तासाभरात त्या मुलीनं त्याला शब्द पाळत नाही म्हणून सर्वांसमोर सुनावलं. त्यानं पुढच्या फेरीत शब्द पाळला. घरी येताना भाची म्हणाली, ‘मावशी, कॉफी प्यायला भेटलं की सगळे चांगलेच वागतात गं. खेळायला बसवलं की कळतं.’ माझ्या आत्यानं गॅलरीत उभं राहून हेच केलं होतं. भाचीला फक्त बसायला खुर्ची मिळाली आहे.

आता चाळी जाताहेत. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय, आणि ज्यांनी त्या खोल्यांत आयुष्य काढलं त्यांना ते मिळालंच पाहिजे. चाळीच्या आठवणींसाठी कुणी सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहू नये. पण नव्या इमारतींत गॅलरी नाही, जिन्याखालची जागा नाही आणि मंडळाच्या खोलीची कुणाला आठवण नाही. आमच्याही इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. नकाशात व्यायामशाळा आहे, मुलांसाठी घसरगुंडी आहे, ज्येष्ठांसाठी बाकं आहेत. पंचविशीतल्या मुलामुलींनी एकत्र बसावं अशी एकही जागा नाही. मी बारा फूट बाय बारा फुटांची एक खोली मागितली आहे: दोन बोर्ड, आठ खुर्च्या, भिंतीला टेकून बघणाऱ्यांपुरती मोकळी जागा आणि दार काचेचं. विकासकाच्या माणसानं त्या जागी सध्या ‘भांडार’ असं लिहिलंय. पुढच्या सर्वसाधारण सभेत ते बदलून घ्यायचं आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या सह्या मी गोळा करते आहे.